संहिता आणि समाधी : बंगळूर नागरत्नम्मांचे जीवितकार्य

तंजावरच्या उत्तरेस सुमारे १३ किलोमीटरांवर, कावेरीच्या तीरी, तिरुवैयारू हे गाव आहे. पौष वद्य पंचमीस, म्हणजे ज्या तिथीस १८४७ साली त्यागराजांनी देह ठेवला त्या तिथीस, दूरदूरचे गायक-वादक येथे समाधीपुढे दुतर्फा बसतात आणि नाट, गौळ, आरभी, वराळी व श्री या रागांतील त्यांच्या पाच कृती एकत्र गातात. दक्षिणेतील कोणत्याही संगीतप्रेमी कुटुंबाला हा उत्सव परिचित आहे. तो इतका परिचित आहे की त्यागराजांच्या निर्वाणापासून तो अखंड असाच चालत आला असावा, असा सहज समज होतो. वस्तुतः समाधीवरील मंदिर १९२६ चे आहे आणि सामुदायिक गायनाची प्रथा १९४० च्या सुमारास रूढ झाली. आणि ज्या स्त्रीने हे मंदिर आपल्या पैशाने बांधले, तिला स्वतःला उत्सवात त्याच्यापुढे बसून गाण्याची मुभा कित्येक वर्षे नव्हती.

ती स्त्री म्हणजे बंगळूर नागरत्नम्मा. तिरुवैयारूशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले असले तरी त्यांच्या आयुष्यात त्याआधी एक वेगळे प्रकरण घडून गेले होते. तंजावरच्या मराठी राजदरबारातील मुद्दुपळनी या गणिका-कवयित्रीचे काव्य त्यांनी १९१० साली संपादून छापले होते आणि सरकारने ते जप्त केले होते. संगीताचे अभ्यासक त्यांच्या भक्तीविषयी लिहितात, स्त्रियांच्या साहित्याचे अभ्यासक त्यांच्या संपादनाविषयी लिहितात, आणि हे दोन्ही वर्ग एकमेकांच्या वाटेस फारसे जात नाहीत. परिणामी एकाच बाईंची दोन चरित्रे तयार झाली आहेत. एकीत त्या बंडखोर आहेत, दुसरीत भाविक. ही फाळणी त्यांच्या जीवनक्रमाशी जुळत नाही.

नागरत्नम्मांचा जन्म ३ नोव्हेंबर १८७८ रोजी म्हैसूर संस्थानातील नंजनगूड येथे झाला. आई पुट्टलक्ष्मी देवदासी कुळातील, वडील सुब्बराव वकील. त्या कुळाच्या रीतीप्रमाणे मुलीची वाढ आईच्या घरी झाली आणि शिक्षणाची जबाबदारीही आईनेच वाहिली. गिरिभट्ट तिम्मय्या या म्हैसूरच्या पंडितांपाशी तिने संस्कृतचा अभ्यास केला. पुढे या आश्रयात वितुष्ट आले आणि मायलेकींना म्हैसूर सोडावे लागले. व्हायोलिन वाजविणारे मामा वेंकटस्वामी अप्पा यांनी त्यांना आधार दिला. त्या काळी कुलीन घरच्या मुलीस अक्षरओळख होणेही दुर्मीळ होते. संस्कृत, कन्नड व तेलुगू या तीन भाषांतील काव्य वाचण्याची क्षमता ज्या मुलीस बालपणीच आली, ती समाजाने प्रतिष्ठेच्या उंबरठ्याबाहेर ठेवलेल्या कुळातली होती. हा विरोधाभास ध्यानी घेतल्यावाचून पुढील कथा समजत नाही.

संगीतातील त्यांचे गुरू मुनुस्वामप्पा हे त्यागराजांच्या वालाजापेट येथील शिष्यपरंपरेतले होते. त्यागराजांचे शिष्य वेंकटरमण भागवतर यांनी ही शाखा जोपासली आणि गुरूच्या कृती लिहून ठेवण्याची दक्षता घेतली. म्हणजे नागरत्नम्मांच्या कंठात जे आले ते ऐकीव नव्हते. त्याला पाठ होता, आणि तो राखण्याची शिस्तही होती. पाठाविषयीचा आग्रह त्यांनी गाण्यात शिकला आणि तो पुढे ग्रंथसंपादनात वापरला, असे म्हणण्यास जागा आहे. वयाच्या चौदाव्या वर्षी आई गेली. पुढच्याच वर्षाच्या सुमारास म्हैसूरमध्ये त्यांचे जाहीर गायन झाले आणि दरबाराचा आश्रय लाभला. १८९४ साली चामराज वडियार निवर्तल्यानंतर त्या बंगळूरला राहिल्या आणि १९०३ च्या सुमारास मद्रासला आल्या. मद्रासने त्यांना कीर्ती दिली आणि पैसाही दिला. त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, मैफली दूरदूर होऊ लागल्या. मद्रासमध्ये प्राप्तिकर भरणारी पहिली स्त्री-कलावंत म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. ही मिळकत पुढे कोठे गेली ते यथाक्रम येईलच.

तंजावरच्या साहित्याविषयीच्या एका ग्रंथात नागरत्नम्मांना ‘राधिकासांत्वनमु’ या शृंगारप्रबंधाचा गौरवपूर्ण उल्लेख आढळला. कवयित्री मुद्दुपळनी ही प्रतापसिंह भोसले यांच्या, म्हणजे १७३९ ते १७६३ या कारकिर्दीतील, दरबारात होती. मराठी वाचकास तंजावरचे भोसले घराणे व्यंकोजींमुळे आणि सरफोजींच्या सरस्वती महालामुळे ठाऊक असते. परंतु त्या दरबाराची मुख्य काव्यभाषा मराठी नव्हती. राज्यकर्ते मराठी, प्रजा तमिळ, आणि काव्य-संगीताची भाषा नायक राजांच्या काळापासून तेलुगू, अशी तेथील स्थिती होती. मराठी राजांनी ती बदलली नाही. त्यातील काहींनी स्वतःच तेलुगूत यक्षगाने रचली. त्यागराजांचा जन्म १७६७ सालचा, तोही याच घराण्याच्या राज्यातला, आणि तमिळ मुलखात राहून त्यांनीही तेलुगूतच गायिले. मुद्दुपळनी आणि त्यागराज यांच्यात एका पिढीचे अंतर आहे. राज्य, भाषा आणि भूमी एकच. नागरत्नम्मांनी ज्या दोन व्यक्तींच्या स्मृतीसाठी आयुष्य वेचले त्या अशा शेजारच्या होत्या, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

काव्याचा विषय राधेचा आहे, पण रूढ राधेचा नाही. येथील राधा प्रौढ आहे. इला नावाच्या मुलीस तिने वाढविले आहे, तिचे कृष्णाशी लग्नही तिनेच लावून दिले आहे, आणि त्यानंतर विरहाने व मत्सराने ती स्वतःच पोळते आहे. शेवटी कृष्णास तिची मनधरणी करावी लागते. शीर्षकातील सांत्वन ते हेच. चार आश्वासांतील ५८४ पद्यांत स्त्रीची इच्छा हीच कथेची चालक शक्ती आहे. अवतरणिकेत कवयित्रीने तेलुगू प्रबंधाच्या संकेतानुसार आपली वंशावळ सांगितली आहे, परंतु तीत आजी तंजनायकीसारख्या विदुषी स्त्रियांना मानाचे स्थान दिले आहे आणि स्वतःच्या विद्वत्तेचा उल्लेखही संकोच न करता केला आहे. पुरुष कवीच्या लेखणीतून हे आले असते तर तो केवळ संकेत ठरला असता. येथे तो दावा ठरतो.

नागरत्नम्मांच्या हाती प्रथम आली ती या काव्याची पूर्वी छापलेली आवृत्ती. चार्ल्स फिलिप ब्राउन यांचे सहकारी पैडिपाटि वेंकटनरसु यांनी टीकेसह सिद्ध केलेली ही आवृत्ती १८८७ साली निघाली होती. पुढे हस्तलिखित मिळाले आणि दोन्ही पाठ ताडून पाहता तफावत लक्षात आली. छापील पुस्तकात अवतरणिका नव्हती आणि कित्येक पद्येही नव्हती. वगळण्याचे कारण कोठे सांगितलेले नव्हते. शृंगारिक पद्ये गाळण्यामागील संकोच एक वेळ समजू शकतो. परंतु अवतरणिकेत शृंगार नव्हता, तेथे केवळ एका गणिकेचे कुळ आणि तिचा अभिमान होता. तो भाग गेल्यामुळे काव्य उरले होते आणि कवयित्री नाहीशी झाली होती.

नागरत्नम्मांनी पूर्ण संहिता सिद्ध केली आणि १९१० साली मद्रासच्या वाविळ्ळ रामस्वामी शास्त्रुलू यांच्या प्रकाशनसंस्थेने ती छापली. आजच्या पाठचिकित्सेच्या निकषांवर या आवृत्तीत उणिवा दाखविता येतील. अनेक प्रतींचा तौलनिक विचार तीत नाही. पण गाळलेले परत घालावयाचे आणि ते घातले आहे हे सांगावयाचे, ही संपादकाची पहिली नीती त्यांनी पाळली. प्रस्तावनेत त्यांनी हेही स्पष्ट केले की हे काव्य एका स्त्रीने, आणि तीही आपल्याच समाजात जन्मलेल्या स्त्रीने, रचले असल्यामुळे त्याविषयी आपणांस विशेष ममत्व आहे. तेलुगू साहित्येतिहासाचे आद्य लेखक कंदुकूरि वीरेशलिंगम यांनी आपल्या कविचरित्रात मुद्दुपळनीवर कठोर टीका केली होती. स्त्रीच्या मुखी असे वर्णन शोभत नाही असा तिचा रोख होता. विधवाविवाहासाठी झगडलेल्या या थोर सुधारकास नागरत्नम्मांनी दिलेले उत्तर तर्कशुद्ध आहे. मर्यादेचा नियम स्त्रियांपुरताच आहे काय, आणि पुरुष कवींनी केलेली तशीच वर्णने वीरेशलिंगमना कशी चालली, हे प्रश्न त्यांनी केले, आणि ‘वैजयंतीविलासमु’ या काव्याचा दाखला दिला. उत्तरात रोष आहे, पण दाखला अचूक आहे. वादात हे दोन्ही एकत्र क्वचितच आढळते.

यानंतरचा घटनाक्रम थोडक्यात असा. वर्तमानपत्री टीका झाली, पुस्तक अश्लील असल्याचा अहवाल सरकारकडे गेला, आणि १९११ साली पोलिसांनी प्रती जप्त केल्या. मद्रासमधील पंडितांनी प्रकाशकांच्या बाजूने निवेदने केली. ती फळली नाहीत. हाल, जयदेव, श्रीनाथ यांच्या देशात एका काव्याच्या शीलाचा निवाडा पोलीस अधिकाऱ्याने आणि सरकारी भाषांतरकाराने करावा, याचे वैषम्य त्या पंडितांना वाटले. वसाहतकाळातील नीतिकल्पना आणि एतद्देशीय सुधारणावाद यांचे येथे झालेले संगनमत हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. बंदी ३६ वर्षे टिकली.

या प्रकरणानंतर नागरत्नम्मांचे गाणे थांबले नाही. पण १९२१ साली त्यांचे लक्ष तिरुवैयारूकडे वळले. त्यांना बिडारम कृष्णप्पा यांच्याकडून त्यागराजांच्या समाधीची दुरवस्था कळली. स्वप्नात आदेश झाल्याचीही आख्यायिका आहे. त्यागराजांनी अखेरीस संन्यास घेतल्यामुळे दहन न होता नदीकाठी समाधी बांधली गेली होती. शिष्य पांगले, त्यांनी आपापल्या गावी पुण्यतिथ्या सुरू केल्या, आणि मूळ जागा झाडोऱ्यात दिसेनाशी होत गेली. उमयाळपुरमच्या कृष्ण व सुंदर या भागवतर बंधूंनी १९०३ साली तिचा एकदा जीर्णोद्धार केला होता. पुढील १८ वर्षांत तिच्यावर पुन्हा अवकळा आली. नागरत्नम्मांनी जागा मिळविली, ती साफ करून घेतली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मंदिराचा पाया घातला. मद्रासमधील मिळकत आणि दागिने या बांधकामात गेले. जानेवारी १९२६ मध्ये प्रतिष्ठापना झाली, आणि नित्य पूजेची व्यवस्थाही त्यांनी लावली.

या ठिकाणी मराठी वाचकास एकनाथांचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. आणि अजानवृक्षाची मुळी ज्ञानेश्वरांच्या कंठास लागल्याचे स्वप्न पडून त्यांनी आळंदीची समाधी शोधून काढली, अशी परंपरेची श्रद्धा आहे. ग्रंथाचा पाठ आणि देहाचे स्थान या दोहोंचा उद्धार हे एकच कार्य आहे, हा त्या कथेचा आशय होय. नागरत्नम्मांच्या चरित्रातही हस्तलिखित आहे, स्वप्न आहे, झाडोऱ्यातून मोकळी केलेली समाधी आहे. फरक आहे तोही तितकाच बोलका. एकनाथांचा ग्रंथ आणि समाधी एकाच पुरुषाची होती, आणि समाजाने दोन्ही मस्तकी धरली. नागरत्नम्मांनी संहिता राखली ती एका गणिकेची, समाधी राखली ती एका संताची. समाजाने समाधी स्वीकारली आणि संहितेवरील बंदी निमूटपणे मान्य केली. मुद्दुपळनीची समाधी तर कोणालाच दाखविता येणार नाही.

समाधी स्वीकारली हे विधानही पुरते खरे नाही. तिल्लैस्थानमचे नरसिंह भागवतर व पंजू भागवतर या बंधूंनी १९०८ च्या सुमारास तिरुवैयारूत आराधना सुरू केली होती. लवकरच तीत दोन तट पडले. एक थोरला पक्ष, एक धाकटा पक्ष. एकाचा उत्सव तिथीस संपे, दुसऱ्याचा तिथीपासून सुरू होई. मानापमान, वर्गणी, कोणी आधी गावे यावरून कलह चालत. या दोन्ही पक्षांचे एकाच मुद्द्यावर एकमत होते : स्त्रियांनी समाधीपुढे गाऊ नये. त्या काळी जाहीरपणे गाणाऱ्या बहुतेक स्त्रिया देवदासी कुळातल्या असल्यामुळे या नियमाचा खरा रोख कोणावर होता हे उघड आहे. नागरत्नम्मांनी १९२७ पासून स्त्रियांचा तिसरा पक्ष उभा केला. समाधीच्या पुढील अंगास पुरुष गात आणि मागील अंगास स्त्रिया. ज्या भिंतीच्या मागे त्या बसत ती भिंत त्यांनीच बांधलेली होती. मंदिर माझे म्हणून दार बंद करण्याचा मार्ग त्यांना सुचला नसेल असे नाही. त्यांनी तो घेतला नाही. त्या मागच्या बाजूस गात राहिल्या.

त्याच वर्षी मद्रास इलाख्यातील देवदासींची संघटना स्थापन झाली आणि नागरत्नम्मा तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. विधिमंडळात डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांनी देवदासी प्रथेविरुद्ध मांडलेल्या प्रस्तावास या संघटनेने विरोध केला. देवदासी आणि वेश्या हे शब्द समानार्थी धरू नयेत, आणि आम्हांला नष्ट करण्याऐवजी आमच्या मुलींना शिक्षण द्यावे, असे तिचे म्हणणे होते. मुत्तुलक्ष्मी स्वतः देवदासी मातेच्या कन्या होत्या. एकाच कुळातील दोन बुद्धिमान स्त्रिया समोरासमोर उभ्या राहिल्या आणि दोघींपाशीही सत्याचा अंश होता. मात्र नागरत्नम्मांना त्या कुळातील विद्या जशी दिसली तशी त्यातील दरिद्री आणि असहाय मुलींची अवस्था दिसली नाही, हे मान्य केले पाहिजे. स्वतःच्या कर्तृत्वाचा मापदंड त्यांनी साऱ्यांना लावला. उलट, सुधारकांना असहायता दिसली आणि विद्या दिसली नाही. १९४७ च्या कायद्याने प्रथा बंद झाली. तोवर ते गाणे आणि नृत्य नव्या घरांत पोहोचले होते, आणि ज्यांच्या घरांतून ते गेले त्यांची नावे मागे पडू लागली होती.

तिरुवैयारूतील तटबंदी मात्र मोडली. मुसिरि सुब्रह्मण्य अय्यर यांच्यासारखे गायक आणि एस. वाय. कृष्णस्वामी यांच्यासारखे सनदी अधिकारी यांच्या मध्यस्थीने १९४० साली तीनही पक्ष एकत्र आले, आणि त्यातून त्यागब्रह्म महोत्सव सभा उभी राहिली. स्त्रियांना समाधीपुढे गाण्याचा अधिकार मिळाला. कोणी आधी आणि कोणी मागून हा कज्जा पंचरत्न कृती सर्वांनी एकदम गाण्याच्या प्रथेने बराचसा मिटला. म्हणजे आज जिच्याकडे निखळ भक्तीचा आविष्कार म्हणून पाहिले जाते ती प्रथा एका तडजोडीचेही अपत्य आहे. यात त्या प्रथेचे काही उणे होत नाही.

नागरत्नम्मांचे वय आता साठीच्या पुढे गेले होते. अखेरची वर्षे त्यांनी तिरुवैयारूतच घालविली. १९४९ च्या मृत्युपत्रान्वये त्यांनी आपली मालमत्ता समाधीच्या सेवेसाठी न्यासाच्या स्वाधीन केली आणि तेथे सेवा करण्याचा स्त्रियांचा हक्क त्यात नमूद करून ठेवला. तोंडी मिळालेला अधिकार लिहून ठेवल्यावाचून टिकत नाही, याचा अनुभव त्यांना १९१० च्या पुस्तकाने दिलेला होता. आणि लिहिलेलेही नेहमी टिकत नाही, याचा १९११ ने.

टंगुटूरि प्रकाशम मद्रासचे मुख्यमंत्री असताना १९४७ साली ‘राधिकासांत्वनमु’वरील बंदी उठली. वाविळ्ळ प्रकाशनाने नागरत्नम्मांच्या संपादनातील पूर्ण काव्य १९५२ साली पुन्हा बाजारात आणले. तरीही पुढील कित्येक वर्षे त्याची चर्चा तेलुगूपुरतीच मर्यादित राहिली. सूझी थारू व के. ललिता यांच्या १९९१ च्या भारतीय लेखिकांवरील इंग्रजी संग्रहाने हे प्रकरण भाषेबाहेर नेले, आणि २०११ साली संध्या मूलचंदानी यांचे इंग्रजी भाषांतर आले. प्रतापसिंहांच्या दरबारातील हे काव्य मराठी अभ्यासकांनी मात्र तंजावरच्या वारशात अद्याप मनापासून मोजलेले नाही. सरस्वती महालातील मराठी बाडांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. त्याच राजांच्या आश्रयाने फुललेले तेलुगू साहित्य परभाषेचे म्हणून शेजारच्या खोलीत राहिले.

१९ मे १९५२ रोजी तिरुवैयारू येथे नागरत्नम्मांचे देहावसान झाले. त्यांचे स्मारक त्यागराजांच्या समाधीसमोरच उभारण्यात आले आहे. तेथे त्यांची प्रतिमा हात जोडून समाधीकडे तोंड करून बसलेली आहे, आणि पौष वद्य पंचमीस गाणाऱ्या साऱ्या मंडळींच्या रांगा तिच्या आणि समाधीच्या मधल्या जागेत भरतात.